जुन्या सोफ्याला घरच्या घरी कव्हर: कापड घेण्याआधी वाचा

सोफ्याच्या कव्हरसाठी कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी रंग विचारतं. आम्ही मात्र आधी सोफ्याची चौकशी करतो. दोन्ही बाजूंनी धरून तो हलवून बघा. सांधे करकरत असतील, तर पहिला खर्च सुताराचा. विटलेलं कापड, न निघणारे डाग, सोललेलं रेक्झिन हे सगळं कव्हरखाली झाकलं जातं. बसलेली स्प्रिंग झाकली जात नाही, उलट नवं कापड ताणून बसलं की खड्डा आणखी उठून दिसतो. फोम नुसता दबला असेल, तर जुनं ब्लँकेट नीट घडी करून गादीखाली सारा. तेवढ्यानेही बैठक बरीच वर येते.

सांगाडा ठणठणीत असेल, तर पुढचं वाचा. आमचं सांगणं एकच आहे: भारी कापड काटकसरीने घेण्यापेक्षा साधं कापड सढळ हाताने घ्या. कव्हर बिघडतं ते कापड हलकं असतं म्हणून क्वचितच. ते अपुरं असतं म्हणून बिघडतं.

कुठलं कापड

केसमेंट, ड्रिल, जाड सुती कॅनव्हास यांतलं काहीही चालेल. कापड घट्ट विणीचं हवं. दुकानात ते उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल, तर गडद सोफ्याचा रंगही वर दिसणार. पडद्यांचं झुळझुळीत कापड आणि टी-शर्टसारखं ताणलं जाणारं कापड नको, बसता-उठता ते ढिलं पडतं. नवखा हात असेल तर पट्टे आणि मोठी फुलंही टाळा. डिझाइन जुळवण्यात बरंच कापड वाया जातं, आणि शिवण अर्धा इंच सरकली तरी ती चूक रोज समोर दिसते. एकरंगी किंवा बारीक छापाचं कापड अशा चुका सांभाळून घेतं.

पैसे वाचवायची खरी जागा न दिसणाऱ्या भागात आहे. सुट्या गाद्यांखालची बैठक कुणाला दिसते? तिथे मांजरपाट किंवा घरातली जुनी, न विरलेली चादर लावा. समोरच्या कडेपासून आत सहा इंच तेवढं चांगलं कापड पुरतं. सोफा कायम भिंतीला टेकून असेल, तर मागची बाजूही तशीच करा. हे सुचवल्याने आमचं कापड थोडं कमी खपतं याची आम्हाला कल्पना आहे, तरी प्रत्येकाला आम्ही हेच सुचवतो.

कापण्याआधी धुवा

सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटतं, काही कोरी कापडं त्याहून जास्त. आकडा छोटा वाटतो, पण 76 इंचांच्या तुकड्यात शंभराला पाच म्हणजे पावणेचार इंच. सुरुवातीच्या काळात आम्ही स्वतः एक कव्हर न धुतलेल्या कापडाचं शिवलं होतं. घातलं तेव्हा ते अगदी अंगासरशी बसलं. पहिल्या धुण्यानंतर मागचे कोपरे काही केल्या खाली येईनात, आणि अखेर सगळ्या शिवणी उसवाव्या लागल्या. तेव्हापासून नियम असा: पुढे ज्या पाण्यात आणि ज्या पद्धतीने कव्हर धुणार, त्याच पद्धतीने कोरं कापड आधी धुवायचं, वाळवायचं आणि इस्त्री करायचं. मांजरपाट, जुनी चादर, पायपिंगची (कडेच्या शिवणीत घालायची) दोरी सगळ्यांना हाच नियम. आटणार म्हणून कापड घेतानाच थोडं जास्त घ्या.

माप आणि फट

पाठ आणि बैठक जिथे भेटतात तिथे खोल फट असते, तशीच बैठक आणि सोफ्याच्या हातांमध्येही. माणूस बसतो तेव्हा बैठक खाली दबते आणि कापड ओढते. ते कापड या फटीतूनच वर यायला हवं. फटीत काही खोचलेलंच नसेल, तर ओढ थेट शिवणीवर येते. म्हणून प्रत्येक फटीसाठी दोन्ही तुकड्यांना सहा-सहा इंच जास्त ठेवा. घाईत सगळ्यात आधी इथलंच कापड कापलं जातं, आणि आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कव्हरांत बहुतेक वेळा इथेच उसवलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. तीन जणांच्या सोफ्याच्या दोन हातांमधलं अंतर 62 इंच आहे. दोन्हीकडे फटीचे सहा-सहा आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, एक-एक इंच धरली की रुंदी 76 इंच होते. आतल्या पाठीची उंची 20, वरची जाडी 6, फटीसाठी 6, माया 2, म्हणजे 34 इंच. बैठकीची खोली 24, समोरून जमिनीपर्यंत 16, फटीसाठी 6, माया 1, खालची दुमड 2, म्हणजे 49 इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 54 इंच असेल, तर लांबी वरून खाली ठेवून उभं लावल्यावर 76 इंचांच्या रुंदीला मधोमध जोड येतो. तेच कापड आडवं लावा. 34 आणि 49 हे दोन्ही आकडे पन्ह्यात बसतात आणि जोडाशिवाय काम होतं. दोन तुकडे 76 इंचांचे, म्हणजे जवळजवळ 4 मीटर. हात आणि मागची बाजू यांचा हिशेबही असाच करा. वर लव असलेलं मखमलीसारखं कापड मात्र आडवं लावू नका, त्याची छटा बदलते.

माया सगळीकडे एक इंच ठेवा. शिवून झाल्यावर कापून अर्धा इंच करता येते, कमी पडलेली माया वाढवता येत नाही.

सोफ्यावरच टाचा

कागदी पॅटर्नची गरज नाही. तुकडे उलट बाजू वर करून सोफ्यावर पसरा, कडा एकमेकींना टाचण्यांनी जोडा आणि शिवणीची रेघ खडूने आखा. कापड सोफ्याला नुसतं टेकलेलं असू द्या, ताणू नका. टाचून झाल्यावर एकदा त्यावर हलकेच दाब देऊन बघा. टाचण्या ओढल्या जात असतील, तर फटीत आणखी कापड सोडा.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. उलटं टाचलेलं कव्हर सुलट केलं की डावीकडचं उजवीकडे जातं. सोफा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर काही बिघडत नाही. पण एका बाजूला लांब बैठक असेल, किंवा वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात बसून एक हात दबलेला असेल, तर कव्हर चुकीच्या बाजूला बसेल. अशा वेळी सुलट बाजू वर ठेवून टाचा, दोन्ही तुकड्यांवर जुळणाऱ्या खुणा करा आणि मग सोफ्यावरून उतरवून उलट्या बाजूने पुन्हा टाचा. यात एक संध्याकाळ जास्त जाते, पण कापड वाया जात नाही.

शिवताना

घरातली साधी मशीन पुरते. सुई 16 नंबरची, जाड कॅनव्हासला 18. दोरा पॉलिएस्टरचा, टाका 3 मिलिमीटर. आधी आतली पाठ आणि बैठक जोडा, मग हातांचे आतले तुकडे. त्यानंतर हातांची बाहेरची बाजू, मग मागची पाठ, आणि हातांचे समोरचे गोल तुकडे सगळ्यात शेवटी. त्या गोलाईवर आधी कच्चा धावदोरा घाला, मग मशीन मारा. शिवून झाल्यावर मायेत थोड्या थोड्या अंतरावर छोटे काप द्या, शिवणीच्या अलीकडे थांबून. काप न देता गोलाई सुलट केली की तिला हमखास चुण्या पडतात. चार-पाच पदर एकत्र येतात तिथे पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवा, सुई मोडणार नाही.

मागच्या एका कोपऱ्यात खालून वरपर्यंत उघडी जागा ठेवा, म्हणजे कव्हर सहज चढतं-उतरतं. तिथे चेन, वेलक्रो किंवा उरलेल्या कापडाचे बंद लावा. बंद सगळ्यात स्वस्त, आणि तुटले तरी पाच मिनिटांत नवे होतात. खाली झालर हवी की नको, ही आवडीची बाब. वाकडे झालेले पाय झालरीआड लपतात, पण कापड बरंच लागतं. चारही बाजूंना चुण्या घालण्याऐवजी फक्त कोपऱ्यांवर एकेक बॉक्स प्लीट (रुंद, चपटी चुणी) घातली तरी सोफा नेटका दिसतो.

रेक्झिनच्या सोफ्यावर कव्हर घसरतं. आत बैठकीवर जुनी सुती चादर किंवा न घसरणारी जाळीची मॅट घाला. फटीत कापड खोचल्यावर त्यावर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी दाबून बसवा, म्हणजे ते उठता-बसता वर येत नाही.

धुताना चेन किंवा वेलक्रो लावूनच धुवा. किंचित दमट असतानाच कव्हर सोफ्यावर चढवा आणि शिवणी हाताने सरळ करा. सोफ्यावरच वाळलं की ते नीट बसतं आणि इस्त्रीही फारशी लागत नाही. त्यावर बसायचं ते मात्र पूर्ण वाळल्यावरच.

आमच्याकडे येताना मापांचा कागद आणि सोफ्याचे समोरून, बाजूने व मागून काढलेले फोटो आणा. किती मीटर लागेल याचा हिशेब आम्ही समोर बसून करून देतो. उरलेल्या कापडाचा हातभर तुकडा टाकून देऊ नका. दर वेळी कव्हरासोबत तोही धुवा. हातांवरचं कापड सगळ्यात आधी विरतं, आणि तेव्हा लावायला तेवढाच फिका झालेला जोड घरात तयार असेल.