कार्यस्थळातील भावनिक बुद्धिमत्ता

स्वतःच्या आणि सोबत काम करणाऱ्यांच्या भावना वेळेवर ओळखणे, त्या कशातून उपजल्या हे समजणे आणि ते ध्यानात ठेवून बोलणे-वागणे, या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. कचेरी, कारखाना, रुग्णालय किंवा दुकानात तिचा कस घरापेक्षा जास्त लागतो. तिथली माणसे एकमेकांनी निवडलेली नसतात, अधिकार सारखे नसतात आणि चिडून उठून जायची सोय नसते. गोड बोलणे, सगळ्यांना खूश ठेवणे किंवा राग गिळणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. काम बिघडले हे समोरच्याचा पाणउतारा न करता, पण स्पष्ट सांगता येणे, हा तिचाच भाग आहे.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्तेचा विचार मांडला. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धीचे अनेक प्रकार सांगताना स्वतःला जाणण्याची आणि इतरांना जाणण्याची बुद्धी वेगवेगळी मानली. आजची संकल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांच्या १९९० च्या लेखातून आली. पुढे त्यांनी तिचे चार पदर ठरवले: भावना टिपणे, विचारासाठी तिचा उपयोग करणे, ती समजून घेणे आणि ती हाताळणे. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे हा विषय मानसशास्त्राच्या वर्गातून कंपन्यांच्या प्रशिक्षण-खोल्यांत पोहोचला. त्याबरोबर अतिशयोक्तीही आली. यशासाठी हुशारीपेक्षा भावनिक बुद्धिमत्ताच महत्त्वाची, हा सरसकट दावा संशोधनात टिकलेला नाही. व्याख्या इतकी ताणली की तिच्यात काहीही मावते, असा आक्षेप एडविन लॉक यांनी २००५ मध्ये घेतला आणि तो गैर नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये झालेल्या विश्लेषणातून मात्र एक उपयोगी गोष्ट पुढे आली: ज्या कामांत दिवसभर माणसांशी आणि त्यांच्या भावनांशी गाठ पडते, तिथेच ही क्षमता कामगिरीत ठळक फरक पाडते.

उदाहरणादाखल नागपूर घ्या. अशी कामे इथे पावलोपावली आहेत. मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या शासकीय रुग्णालयांत विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. मिहानमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याला कारखान्यांच्या पाळ्या चालतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. पगारासाठी चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवावी लागते, तेही श्रमच. आत एक आणि बाहेर दुसरेच दाखवत राहिले, की माणूस लवकर थकतो. अपघात विभागात दोन तास ताटकळलेला नातेवाईक ओरडू लागतो, तेव्हा सिस्टर म्हणते, “काका, डॉक्टर आत पेशंटपाशीच आहेत. दहा मिनिटांत मी स्वतः येऊन सांगते.” तिने त्याच्या आवाजामागची भीती ओळखली आणि त्याला हवी होती ती एकच गोष्ट दिली, पक्की वेळ. हे कौशल्य आहे, पण ते हजेरीपटावर कुठेच नोंदले जात नाही.

डिसेंबरातले हिवाळी अधिवेशन हा या विषयाचा नागपुरी धडाच म्हणावा लागेल. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे भरते आणि त्या दिवसांत शासकीय कार्यालयांचे दिवेही उशिरापर्यंत जळतात. समजा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तारांकित प्रश्नाचे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचे, उत्तर सकाळी हवे आहे आणि दोन तालुक्यांचे आकडे आलेले नाहीत. साहेब लिपिकावर खेकसतात, “होऊन नाही राहिलं तर सांगून देत जा ना तसं!” तो मान खाली घालून म्हणतो, “करून राहिलो ना साहेब.” पुढचा अर्धा तास तो आकड्यांकडे कमी आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतो. साहेबांचा तो राग वरवरचा असतो. खाली भीती असते, सभागृहात मंत्री अडचणीत आले तर विचारणा आपल्याला होईल याची. तीच भीती त्यांनी सरळ बोलून दाखवली असती तर? “दोन तालुक्यांचं टेन्शन येऊन राहिलं मला. फोन कोणाला लावायचा ते सांगा, मी बोलतो.” एवढ्या दोन वाक्यांत लिपिकाचा अपमान टळतो आणि कामही पुढे सरकते.

इथल्या कार्यालयांत भाऊ, ताई, मामा, मावशी अशी हाक सहज जाते. त्या आपुलकीने ताण हलका होतो, हे खरे. पण तिची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. “ताई, एवढं करून देजा” म्हटल्यावर कामाची वेळ संपून गेलेल्या ताईला नाही म्हणणे जड जाते आणि मावशीने तक्रार केली तर ती कामाची तक्रार न राहता रुसवा ठरते. नात्याच्या हाकेआड कोणावर जास्त ओझे पडते आहे, हे वरिष्ठाने मुद्दाम तपासायला हवे.

ही क्षमता वाढवता येते. २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणांत प्रशिक्षणाचा मध्यम पण खरा परिणाम दिसला. हॉटेलच्या हॉलमधील एका दिवसाच्या कार्यशाळेकडून फार अपेक्षा ठेवू नये. सराव आणि विश्वासू सहकाऱ्याचा प्रांजळ अभिप्राय महिनोन्‌महिने लागतो. सुरुवात भावनेला नेमके नाव देण्यापासून करावी. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की भावनेला शब्द दिला असता मेंदूतील अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. ‘राग आला’ एवढ्यावर न थांबता अपमान वाटला, धास्ती वाटली, की नुसती झोप अपुरी आहे, हे स्वतःला विचारावे. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत चेहऱ्यावर भावना दाबून धरणाऱ्यांच्या मनातली नकोशी भावना कमी झाली नाही, शिवाय त्या वेळी समोर घडलेले त्यांना कमी आठवले. घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्यांना मात्र खरोखर हलके वाटले. शरीराचाही यात वाटा असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर, कूलरची हवा पोहोचत नाही अशा खोलीत, जेवणाच्या वेळेला कोणाचा हिशेब मागू नये.

व्यक्तीला शिकवण्याआधी व्यवस्था बदलावी, याचा जुना दाखलाही नागपूरच देते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांच्या गैरहजेरीचा प्रश्न मोठा होता. व्यवस्थापनाने बक्षिसांची पद्धत आणली, गिरणीत हवा आणि आर्द्रता राखण्याची सोय केली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात-भरपाई सुरू केली. गैरहजेरीमागे आळसाखेरीज कारणे असू शकतात, हे ओळखूनच असे निर्णय होतात. आज रिक्त जागा न भरता उरलेल्या कर्मचाऱ्यांना ‘भावना आवरा’ असे प्रशिक्षण देणे हा मात्र संकल्पनेचा दुरुपयोग आहे.

दुसऱ्याच्या भावना वाचता येणारा माणूस त्यांचा गैरफायदाही घेऊ शकतो. म्हणून निव्वळ भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीतील गुणांकावर नेमणूक किंवा बढती करणे धोक्याचे. लैंगिक छळाच्या बाबतीत तर ‘समजून घे’ हा सल्ला देऊच नये. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रार तिथेच जायला हवी. झोप उडणे, कामावर जायच्या विचारानेच धडधडणे असे आठवडेच्या आठवडे चालले, तर स्वभाव सुधारण्याच्या मागे न लागता उपचार घ्यावेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.