व्हेलची शेपटी कोणाची? हार्टफर्ड, कॅरोलायना आणि एका लोगोचा वाद

२३ डिसेंबर २०१८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या राली शहरात आइस हॉकीचा सामना होता. यजमान कॅरोलायना हरिकेन्स त्या दिवशी आपली नेहमीची लाल जर्सी बाजूला ठेवून हिरव्या जर्सीत उतरले. छातीवर लोगो होता हार्टफर्ड व्हेलर्सचा. हा संघ २१ वर्षांपूर्वी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातून उचलून इथे आणला गेला होता आणि त्याचंच नाव बदलून ‘हरिकेन्स’ झालं होतं. समोर बॉस्टन ब्रुइन्स, म्हणजे हार्टफर्डचे जुने वैरी. हरिकेन्सनी सामना ५-३ असा जिंकला आणि प्रत्येक गोलनंतर व्हेलर्सची जुनी बँडची धून वाजली. राली त्या रात्री खूश होतं. हार्टफर्डचे अनेक जुने चाहते मात्र चिडले, कारण आमचा संघ नेलात तो नेलात, आता आमच्या आठवणीही तुमच्याच दुकानात विकणार का, असा त्यांचा सवाल होता.

हा वाद आजही मिटलेला नाही. तो नीट समजून घ्यायचा तर मागे १९७० च्या दशकात जावं लागतं.

व्हेलर्स मुळात हार्टफर्डचे नव्हतेच. नॅशनल हॉकी लीगला (एनएचएल) आव्हान देत १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन (डब्ल्यूएचए) ही नवी लीग सुरू झाली. तिच्यात ‘न्यू इंग्लंड व्हेलर्स’ खेळायचे ते बॉस्टनमधून. पहिल्याच हंगामात त्यांनी लीगचं विजेतेपद मिळवलं, पण ब्रुइन्सच्या गावात दुसऱ्या संघाला कोण विचारणार? तारखा मिळेनात, प्रेक्षक मिळेनात. अखेर जानेवारी १९७५ मध्ये संघ हार्टफर्डच्या नव्या सिव्हिक सेंटरमध्ये आला. मॉलला चिकटून बांधलेलं हे स्टेडियम होतं.

‘व्हेलर्स’ म्हणजे व्हेलचे शिकारी. हे नावही न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, सगळ्या किनाऱ्याचं. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्सचं न्यू बेडफर्ड आणि कनेक्टिकटचं न्यू लंडन या बंदरांतून व्हेलच्या शिकारीची जहाजं निघत. १८४१ साली बांधलेलं ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे असंच एक जहाज आजही कनेक्टिकटच्या मिस्टिक गावात जतन करून ठेवलेलं आहे. हार्टफर्ड मात्र समुद्रापासून आत, नदीकाठी वसलेलं आणि विमा कंपन्यांवर जगणारं शहर. त्यामुळे ‘हार्टफर्डचा आणि व्हेलचा काय संबंध?’ हा टोमणा या वादात हमखास निघतो. मला तो फार वरवरचा वाटतो. १९७५ मध्येच कनेक्टिकटने स्पर्म व्हेलला आपला राज्यप्राणी घोषित केलं. म्हणजे संघ गावात आला त्याच वर्षी आख्खं राज्य या प्राण्याला आपलं म्हणत होतं. शिवाय चिन्ह आपलं व्हायला ते आपल्याच मातीत उगवलेलं असावं लागत नाही. त्यासाठी माणसांनी काही सोसावं लागतं, आणि तशी वेळ लगेचच आली.

१८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली सिव्हिक सेंटरचं छत कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि हजारो प्रेक्षक नुकतेच घरी गेले होते. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण संघ बेघर झाला. दोन वर्षं व्हेलर्स शेजारच्या राज्यातल्या स्प्रिंगफील्डला जाऊन खेळले. हार्टफर्डचे चाहते इंटरस्टेट ९१ या महामार्गाने थंडी-बर्फात गाड्या हाकत सामन्यांना जात राहिले. या मंडळींचा पुढे ‘९१ क्लब’ झाला. संघ फेब्रुवारी १९८० मध्ये परतला तेव्हा तो या लोकांचा झालेला होता.

मधल्या काळात दुसरी मोठी घडामोड झाली. १९७९ मध्ये डब्ल्यूएचए बंद पडली आणि तिच्यातले चार संघ एनएचएलमध्ये आले: एडमंटन, क्विबेक, विनिपेग आणि व्हेलर्स. ‘न्यू इंग्लंड’ हे नाव बॉस्टनला खपणार नव्हतं, कारण हा सारा प्रदेश ब्रुइन्स आपलाच मानत. म्हणून संघ ‘हार्टफर्ड व्हेलर्स’ झाला. बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांच्या बरोब्बर मध्ये असलेल्या शहराला हे नाव किती मोलाचं होतं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. कनेक्टिकटचा एक कोपरा न्यूयॉर्ककडे तोंड करून बसतो, दुसरा बॉस्टनकडे. ब्रुइन्स हार्टफर्डला आले की घरच्याच स्टेडियममध्ये त्यांच्या काळ्या-सोनेरी जर्सींची गर्दी व्हायची. अमेरिकेच्या चार मोठ्या व्यावसायिक लीगपैकी एकीच्या गुणतक्त्यात ‘हार्टफर्ड’ हे नाव झळकणं, ही त्या शहरासाठी आपण कोणाचं उपनगर नाही याची जाहीर नोंद होती.

आणि याच वेळी तो लोगो आला. कनेक्टिकटमधलेच ग्राफिक डिझायनर पीटर गुड यांनी तो केला. जुन्या लोगोत डब्ल्यू अक्षराबरोबर भाला होता, शिकारीचा. गुड यांनीही आधी भाल्याची रेखाटनं करून पाहिली, पण ज्या प्राण्याचं नाव लावायचं त्यालाच मारणारं हत्यार त्यांना पटेना. मग त्यांनी काय केलं ते बघा. खाली हिरवा डब्ल्यू. त्यावर निळी, दोन्ही बाजूंना पसरलेली व्हेलची शेपटी. आणि या दोन आकारांमध्ये जी पांढरी जागा उरते, तिच्यात आपोआप एच उभा राहतो, हार्टफर्डचा एच. तीन गोष्टी, दोन रंग, एकही जादा रेघ नाही. कित्येकांना तो एच वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि एकदा दिसला की नजरेतून हटत नाही. खेळांच्या दुनियेतल्या सर्वोत्तम लोगोंमध्ये त्याची गणना होते ती उगाच नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथेच आहे. बहुतेक लोगो एका गावातून दुसऱ्या गावात नेता येतात. वाघ, अस्वल, तारा कुठेही चालतो. या लोगोतून मात्र हार्टफर्ड काढताच येत नाही. ते रेषेत नाहीच, रिकाम्या जागेत आहे. रालीच्या बर्फावर हरिकेन्सचा खेळाडू ती जर्सी घालतो, तेव्हाही त्याच्या छातीवर हार्टफर्डचं आद्याक्षर असतंच.

मैदानावर व्हेलर्सनी फार मोठे पराक्रम केले असं नाही. एनएचएलमधल्या पहिल्या हंगामात हॉकीतले दिग्गज गॉर्डी हाउ वयाच्या ५१-५२ व्या वर्षी सगळेच्या सगळे ८० सामने खेळले, हे एक नवल. १९८६ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, क्विबेकला हरवलं, ती त्यांची एनएचएलमधली एकमेव जिंकलेली मालिका. पुढच्याच फेरीत हरूनही शहराने त्यांची मिरवणूक काढली. १९९१ मध्ये लाडक्या रॉन फ्रान्सिसला पिट्सबर्गला देऊन टाकलं आणि पिट्सबर्गने त्यानंतर लागोपाठ दोन स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. हा सौदा हार्टफर्डकरांना अजून सलतो.

१९९४ मध्ये पीटर कार्मानोस मालक झाले. नव्या स्टेडियमवरून राज्य सरकारशी त्यांच्या वाटाघाटी फिसकटल्या, हंगामी तिकिटं खपवण्याची मोहीम झाली, तरी मार्च १९९७ मध्ये संघ जाणार हे जाहीर झालं. १३ एप्रिल १९९७ ला शेवटचा सामना, टॅम्पा बेविरुद्ध २-१ असा विजय. शेवटचा गोल केव्हिन डिनीनचा. सामना संपल्यावरही लोक जागचे हलेनात.

आता कॅरोलायनाची बाजू. तीही तितकीच खरी आहे आणि हार्टफर्डच्या दुःखात ती झाकोळली जाऊ नये. नवा संघ सुरुवातीची दोन वर्षं त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरोला खेळला, कारण रालीचं स्टेडियम तयार नव्हतं. तिथल्या प्रचंड सभागृहात वरच्या रांगांवर पडदे टाकावे लागत, इतकी रिकामी आसनं. कॉलेज बास्केटबॉलवर पोसलेल्या मुलखात हॉकी टिकणार नाही, असं उत्तरेकडे सर्रास बोललं जाई. संघाने नाव घेतलं ते एका शहराचं नव्हे, तर कॅरोलायनाचं; लोगो घेतला वादळाच्या भोवऱ्याचा. या किनाऱ्याला चक्रीवादळं नवीन नाहीत. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये ‘फ्रॅन’ने रालीपर्यंत आत शिरून झाडं आडवी केली होती. पुढे प्रत्येक सत्राआधी हाताने फिरवायचा वादळाचा भोंगा, सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून मांस भाजण्याची दक्षिणी रीत, २००६ चा स्टॅनले कप, यांतून रालीने आपली स्वतःची हॉकी घडवली. २०१९ मध्ये विजयानंतरच्या त्यांच्या जल्लोषावर कॅनडाचे समालोचक डॉन चेरी यांनी ‘उर्मटांची टोळी’ अशा अर्थाची टीका केली, तेव्हा हरिकेन्सनी तेच शब्द टी-शर्टवर छापून अभिमानाने मिरवले. राली-केरी परिसरात आज मराठी घरंही बरीच आहेत. तिथे वाढणाऱ्या मुलांना हॉकी म्हणजे हरिकेन्स, आणि ते बरोबरच आहे.

मग ज्या संघाला स्वतःची एवढी ओळख आहे, त्याने व्हेलर्सची जर्सी का घालावी? रालीतले समर्थक म्हणतात, आमचा वंश तोच. रॉन फ्रान्सिस १९९८ मध्ये हरिकेन्सकडे परतला, कर्णधार झाला. इतिहास सलग आहे. कायद्याने हे बिनचूक आहे, हक्क संघाबरोबर गेले. पण पहिली वीस वर्षं या वंशाची फारशी आठवण कोणी काढली नव्हती. हार्टफर्डने आपला खेळाडू रिक ले याच्या सन्मानार्थ निवृत्त केलेला, म्हणजे पुन्हा कोणाला न देण्याचा ठरवलेला, जर्सीचा २ क्रमांक कॅरोलायनात ग्लेन वेस्लीला दिला गेला आणि पुढे वेस्लीच्याच नावे निवृत्त झाला. टॉम डंडन २०१८ च्या सुरुवातीला मालक झाले, त्यानंतर व्हेलर्सच्या टोप्या आणि जर्सी रालीच्या दुकानात दिसू लागल्या. वारसा असा सोयीने आठवला की चाहत्यांना बोचणारच, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

यापेक्षा बरा मार्ग अमेरिकेतच होता. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला, पण ‘ब्राउन्स’ हे नाव, रंग आणि इतिहास शहरात राहिला. तीन वर्षांनी त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. सिअ‍ॅटलच्या बास्केटबॉल संघानेही २००८ मध्ये जाताना ‘सुपरसॉनिक्स’ हे नाव मागे ठेवलं. हॉकीत हा पायंडा पडला नाही. क्विबेकचा नॉर्डिक्स हा संघ १९९५ मध्ये कोलोरॅडोच्या डेन्व्हर शहरात गेला आणि २०२०-२१ च्या हंगामात कोलोरॅडोचे खेळाडू त्याच्या लोगोची जर्सी घालून खेळले. फ्रेंच भाषिक शहराची ओळख डेन्व्हरच्या बर्फावर. हार्टफर्डकरांना त्यात आपलीच गोष्ट दिसली.

हार्टफर्डने दरम्यान आपल्या परीने प्रयत्न केले. १९९७ पासून तिथे ‘वुल्फ पॅक’ हा दुय्यम लीगचा संघ खेळतो, आणि तो न्यूयॉर्क रेंजर्सशी जोडलेला. व्हेलर्सचे जुने मालक हॉवर्ड बाल्डविन यांनी २०१० मध्ये त्याचं नाव ‘कनेक्टिकट व्हेल’ केलं, पण प्रयोग २०१३ मध्ये संपला. जास्त टिकली ती वेगळीच गोष्ट. शहरात ‘यार्ड गोट्स’ हा बेसबॉलचा संघ आला, तेव्हा त्याने जाणून रंग निवडले निळा आणि हिरवा. त्यांच्या मैदानावर व्हेलर्सच्या माजी खेळाडूंचे मेळावे भरतात, आणि व्हेलर्सना कधी खेळताना न पाहिलेली मुलंही शेपटीची टोपी घालून सहीच्या रांगेत उभी राहतात.