हात धुतले, पण मोबाईलचं काय?

साबण लावून २० सेकंद हात धुवायचे हे कोविडच्या काळात लहान पोरांनाही पाठ झालं होतं, पण हात पुसून झाले की सगळ्यात आधी हातात काय यायचं तर मोबाईल, आणि तोही तोच जो थोड्या वेळापूर्वी न धुतलेल्या हातात होता. शिवाय मोबाईल नुसता हातात राहत नाही, तो गालाला टेकतो, तोंडाच्या अगदी जवळ येतो, बोलताना थुंकीचे बारीक थेंब सरळ त्याच्या काचेवर पडतात. म्हणजे हात धुवायचा सगळा खटाटोप पाण्यात.

तेव्हा मोबाईल कसा साफ करावा यावर इतकं काही फिरत होतं की विचारू नका, कोणी तो साबणाच्या पाण्यात बुडवायला सांगायचं, कोणी ब्लीचने पुसायला, कोणी उन्हात ठेवायला. यातल्या बऱ्याच उपायांनी विषाणूच्या आधी मोबाईलच मरतो. म्हणून आधी धोका नक्की किती आहे ते बघू, कारण ते कळलं की उगाच भीतीही वाटत नाही आणि जिथे खरंच लक्ष द्यायला हवं तिथे ते देता येतं.

२०२० च्या मार्चमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला, कोविडचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर फक्त ४ तासांपर्यंत तग धरतो असा. सगळ्यांच्या डोक्यात तो ७२ आकडा बसला. पण त्याच प्रयोगात असंही दिसलं होतं की प्लास्टिकवर साधारण ७ तासांत त्यातला निम्मा विषाणू निकामी होतो, पुढच्या ७ तासांत उरलेल्यातला निम्मा, असं करत करत ७२ तासांनी जे उरतं ते अगदीच थोडं असतं. मग ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेने सांगितलं की काचेवर हा विषाणू २८ दिवस सापडला, आणि मोबाईलची स्क्रीन काचेचीच, त्यामुळे बातम्यांमध्ये मोबाईलचं नाव आलंच. इथे प्रयोग कसा केला ते बघणं फार महत्त्वाचं आहे. तो पूर्ण अंधारात केला होता, म्हणजे प्रकाशातल्या अतिनील किरणांचा परिणाम मुद्दाम बाजूला ठेवला होता, तापमान कायम २० अंश होतं. तेच ४० अंशांवर ठेवल्यावर विषाणू एक-दोन दिवसांतच संपला. उन्हाचं तर विचारूच नका, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने २०२० मध्येच दाखवलं की लाळेसारख्या द्रवात स्टीलवर ठेवलेला विषाणू भर उन्हाळ्यातल्या दुपारच्या उन्हाइतक्या प्रकाशात ७ मिनिटांच्या आसपास ९० टक्के निकामी होतो. (म्हणून मोबाईल उन्हात टाकू नका हं, लिथियमच्या बॅटरीला ताप अजिबात सोसत नाही. अ‍ॅपलसारखी कंपनी ३५ अंशांपर्यंतच फोन वापरायला सांगते आणि नुसता ठेवायला ४५.)

पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेने, हिशोब मांडला की विषाणू असलेल्या एखाद्या पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारण १०,००० मध्ये एकाहूनही कमी आहे. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो, त्यामुळे मास्क आणि उघड्या खिडक्या यांची जागा कोणताही वाइप, म्हणजे जंतुनाशकात भिजवलेला ओला टिश्यू, घेऊ शकत नाही. मला हे मुद्दाम ठासून सांगायचंय कारण दिवसभर वस्तू पुसत बसलेली आणि बंद खोलीत बिनामास्कचं बसलेली कितीतरी माणसं तेव्हा दिसायची, आणि त्यांची कळकळ खरी होती, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होत होती.

मग मोबाईल पुसायचा तरी कशाला? एक तर कोविड हा एकमेव विषाणू नाही. सर्दी, जुलाब-उलट्यांचे जंतू हातांवरून आरामात फिरतात, आणि पुढची साथ कशाची असेल, ती कशी पसरेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे आपले हात चेहऱ्यावर किती वेळा जातात याची आपल्याला कल्पनाच नसते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं व्हिडिओ घेऊन निरीक्षण केलं, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तासाला सरासरी २३ वेळा हात चेहऱ्याला, आणि त्यातलं ४४ टक्के थेट डोळे, नाक, तोंड या ओलसर भागांना. हे डॉक्टरकी शिकणाऱ्यांचं, ज्यांना जंतू काय चीज आहे ते चांगलं माहीत असतं. वरून काच आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवरून जंतू बोटावर जास्त सहज येतात, कापडात ते अडकून बसतात. आणि एकदा बोटावर आला की जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांच्या प्रयोगानुसार कोविडचा विषाणू माणसाच्या त्वचेवर सुमारे ९ तास टिकू शकतो, फ्लूचा मात्र २ तासांच्या आतच संपतो. त्याच प्रयोगात अल्कोहोलने दोन्ही विषाणू १५ सेकंदांत निकामी झाले ही त्यातली चांगली बाजू.

माझं म्हणणं एवढंच की हात आणि मोबाईल हे वेगळे मानूच नका. बाहेरून आलात की आधी मोबाईल पुसा, मग हात धुवा, या क्रमाने. उलटं केलंत तर धुतलेल्या हाताने घाण मोबाईल धरला असं होतं आणि परत हात धुवावे लागतात, जे कोणी करत नाही. दिवसातून दहा वेळा पुसायची गरज नाही, बाहेरून आल्यावर एकदा, आणि कोणी दुसऱ्याने हाताळला किंवा त्याच्यावर कोणी खोकललं-शिंकलं तर तेव्हा. बाथरूममध्ये मोबाईल न्यायची सवय सोडली तर निम्मं काम तिथेच होतं.

आता पुसायचं कशाने. कोविडच्या आणि फ्लूच्या विषाणूला बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं, तेलकट भांडं जसं नुसत्या पाण्याने निघत नाही आणि साबणाने लगेच निघतं तसंच इथे होतं, साबण किंवा अल्कोहोल लागलं की ते आवरण फुटतं आणि विषाणू निकामी. अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपासचं घ्यायचं. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं असेल असं वाटतं खरं, पण ते पटकन उडून जातं, आणि विषाणूतली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबाच्या विषाणूला मात्र हे चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही, तिथे साबण-पाण्याने हात धुणं हाच खरा उपाय.

कोविडच्या सुरुवातीला, २०२० च्या मार्चमध्ये, अ‍ॅपलनेही आपल्या सूचना बदलल्या आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सने फोनचा बाहेरचा भाग हलक्या हाताने पुसायला हरकत नाही असं सांगितलं, ब्लीच मात्र नको. तुमच्या फोनच्या कंपनीचं काय म्हणणं आहे ते एकदा बघून घ्या.

पुसताना चार्जर काढा, फोन बंद करा, कव्हर काढा. कव्हर काढल्यावर आतल्या कडेला जी काळपट रेघ दिसते ना, धूळ, घाम आणि त्वचेचं तेल मिळून झालेली, ती आधी कोरड्या कापडाने काढा, कारण मळाच्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. टेम्पर्ड ग्लासच्या कडा, कॅमेऱ्याभोवतीची खाच, बाजूची बटणं, बोट सारखं तिथेच असतं आणि पुसायचं नेमकं तेच राहून जातं. अल्कोहोल फोनवर फवारायचं नाही, चष्मा पुसायच्या मऊ कापडावर घ्यायचं, कापड ओलसर हवं, पिळलं तर थेंब पडेल इतकं नाही. पुसल्यावर लगेच कोरडं करू नका, आपोआप वाळू द्या, तो अर्धा-एक मिनिट ओलावा टिकतो तेव्हाच काम होतं. स्पीकरची जाळी आणि चार्जिंग पोर्ट यांच्यापासून ओलं कापड लांब ठेवा, तिथे कोरडा मऊ ब्रश पुरे. प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं कव्हर सरळ साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच चढवा. हातावर लावायचं जेल सॅनिटायझर फोनला नको, त्यातल्या ग्लिसरीनने चिकट थर राहतो.

स्क्रीनवर बोटांचे ठसे बसू नयेत म्हणून एक अतिशय पातळ कोटिंग असतं, घासून घासून ते जातं, म्हणूनही जोर लावू नका. वॉटरप्रूफ फोन नळाखाली धरायचा मोहही टाळा, पाणी आत जात नाही याची चाचणी नव्या फोनवर आणि साध्या पाण्यात केलेली असते, आतलं रबर जुनं होतं आणि साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त सहज आत शिरतं. ब्लीच तर फोनला नकोच, आणि घरात कुठेही ते अमोनिया किंवा अ‍ॅसिडवाल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

यूव्हीचे, म्हणजे आत अतिनील किरणांचा दिवा असलेले, मोबाईल ठेवायचे डबे तेव्हा खूप खपले. यूव्ही-सी या प्रकारच्या अतिनील किरणांनी विषाणू मरतात हे खरंच आहे, पण किरण जिथे थेट पडतात तिथेच, कडांची सावली आणि कव्हरखालचा मळ तसाच राहतो. उघडे यूव्हीचे दिवे हातावर फिरवणं धोक्याचं, त्वचा भाजते, डोळ्यांना इजा होते, जागतिक आरोग्य संघटनेनेही ते करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

इयरफोन कोणाला द्यायचे नाहीत आणि कोणाचे घ्यायचे नाहीत. सिलिकॉनच्या टिप काढून साबणाने धुता येतात, जाळीचा भाग कोरड्या ब्रशने. घड्याळाच्या पट्ट्याखाली घाम साचतो, हात धुताना तो पट्टा ओला होऊन तसाच राहतो, म्हणून हात धुण्याआधी घड्याळ काढा.

घरात कोणी आजारी असेल तर त्याचा मोबाईल, चार्जर, रिमोट वेगळा. पारदर्शक झिप पिशवीत फोन ठेवला तरी पातळ प्लास्टिकमधून टच चालतो, पिशवी रोज पुसता किंवा बदलता येते.

सगळ्यांमध्ये फिरतो तो ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, तो प्रत्येकानंतर आतून अल्कोहोलने पुसायचा आणि वाळला की मगच दुसऱ्याच्या बोटाला. नेलपॉलिश आणि थंडगार बोटांमुळे आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, २०२१ मध्ये अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने याबद्दल इशारा दिला होता. मोबाईलच्या नुसत्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर अजिबात विसंबू नका, ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतो, बहुतेक फोनमध्ये ती सोयच नसते. आकडा कमी दिसला, किंवा आकडा चांगला असूनही दम लागत असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन लावा.