परदेशी स्वयंसेवकाचं रुजू होणं

आपला देश सोडून दुसऱ्या देशात जायचं, तिथल्या वस्तीत राहायचं आणि ठरावीक मुदतीसाठी बाजारभावाचा पगार न घेता काम करायचं, याला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा म्हणतात. ही नोंद त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्याबद्दल आहे, म्हणजे निवड झाल्यापासून माणूस प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंतचे आठवडे. हे सगळं "फुकट काम" असतं हा समज तितकासा बरोबर नाही, कारण मोठ्या सरकारी योजनांमध्ये राहण्याची सोय, विमा, जाण्यायेण्याचं भाडं आणि खर्चापुरतं मानधन मिळतं. उलट काही खाजगी योजनांत स्वयंसेवकच पैसे भरतो. मुदत दोन-तीन आठवड्यांच्या वर्क कॅम्पपासून (म्हणजे एकत्र राहून श्रमदान करायचं शिबिर) दोन वर्षांच्या नेमणुकीपर्यंत काहीही असू शकते, आणि या दोन्ही टोकांना एकच नाव पडल्यामुळे इतिहास लिहिताना फार घोळ होतो.

उगमाबद्दल एकमत नाही. सहसा सांगितला जातो तो किस्सा १९२० चा. पहिल्या महायुद्धानंतर स्विस इंजिनियर पिएर सेरेझोल (याचे वडील १८७३ मध्ये स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि हा मात्र लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात गेलेला) आणि ह्युबर्ट पार्रिस हा इंग्लिश क्वेकर (युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा माणूस), यांनी फ्रान्समध्ये व्हर्दाँजवळच्या एन-आं-आर्गोन या उद्ध्वस्त गावात एक छोटी तुकडी नेली, ढिगारे उपसले, लाकडी घरं उभी केली. तुकडीत जर्मनही होते, म्हणजे ज्या सैन्याने गाव पाडलं त्याच देशातली माणसं ते बांधायला आली होती, आणि नेमकं तेच खटकलं. स्थानिक विरोध वाढत गेला आणि १९२१ च्या वसंतात, साधारण पाच महिन्यांत, कॅम्प गुंडाळावा लागला. ज्याला पहिला आंतरराष्ट्रीय कॅम्प म्हणतात तो काम कमी पडलं म्हणून बंद झाला नाही, यजमानांनी पाहुण्यांना नीट स्वीकारलंच नाही म्हणून झाला, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रशिक्षण पद्धती समजून घ्यायला उपयोगी पडते. सेरेझोलच्या कामातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना निघाली, १९२७ च्या ऱ्हाइनच्या पुरानंतर १९२८ मध्ये लिश्टेनस्टाइनमध्ये सुमारे ७०० स्वयंसेवक जमले, आणि १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः काही मोजक्या युरोपियन साथीदारांसह बिहारमध्ये येऊन गावं पुन्हा वसवण्याच्या कामात राहिला, ते काम १९३७ पर्यंत चाललं.

क्वेकर परंपरेचे अभ्यासक यावर म्हणतात की १९२० कशाला, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातच इंग्लिश क्वेकरांची मदत समिती फ्रान्समध्ये काम करत होती, आणि १९१७ मध्ये अमेरिकन क्वेकरांनीही आपली सेवा समिती काढली (१९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही क्वेकर संस्थांना मिळून मिळालं). तिसरं मत अमेरिकन लेखकांत दिसतं. ऑगस्ट १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, त्यांना पीस कोअरचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक योजनेचे, पूर्वज म्हणायची पद्धत आहे. पण ते पगारी सरकारी शिक्षक होते आणि नुकत्याच जिंकलेल्या वसाहतीत आपली भाषा शिकवायला चालले होते, तेव्हा हे नातं जरा ओढूनताणूनच जोडलेलं वाटतं. क्वेकरांचा दावा जास्त वजनदार आहे, फक्त त्यात एका पंथाची माणसं दुसऱ्यांना मदत करतात, वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच फावड्याला हात लावतात ही कल्पना एन-आं-आर्गोनमध्येच पहिल्यांदा ठळक झाली असं मानायला हरकत नसावी.

पण दीर्घ मुदतीच्या सेवेचा, म्हणजे एकेकटं जाऊन वर्ष-दोन वर्षं कुठल्यातरी खात्यात किंवा शाळेत रुजू होण्याचा उगम या वर्क कॅम्पमध्ये शोधू नये, ती वेगळीच शाखा आहे. तिथेही "पहिला मान कुणाचा" हा वाद आहेच. ब्रिटनमध्ये ॲलेक आणि मोरा डिक्सन यांनी १९५८ मध्ये व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्था सुरू केली, सुरुवातीला शाळा नुकतीच संपलेली अठराएक वर्षांची पोरं बोर्निओ बेटावरच्या सारावाकसारख्या ठिकाणी पाठवली, पदवीधर घ्यायला लागले ते काही वर्षांनी. अमेरिकेत संसद सदस्य हेन्री रॉइस यांनी १९६० च्या सुरुवातीला अशा युवक दलाचा अभ्यास करायचं विधेयक आणलं, त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री यांच्या विधेयकात "पीस कोअर" हे नाव आलं, आणि मग १४ ऑक्टोबर १९६० ला रात्री दोनच्या सुमारास ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडींनी विद्यार्थ्यांना विचारलं की डॉक्टर होणाऱ्यांपैकी किती जण घानात दिवस काढायला तयार आहात. या भाषणात पीस कोअर हे नाव नव्हतं, ते नोव्हेंबरच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात आलं, तरी जन्मकथा म्हणून ॲन आर्बरच सांगितलं जातं. १ मार्च १९६१ ला, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, केनेडींचा पीस कोअर स्थापण्याचा आदेश निघाला, ३० ऑगस्टला सुमारे ५० शिक्षकांची पहिली बॅच घानात अक्राला उतरली, विमानतळावर त्यांनी त्वी भाषेत गाणं म्हटलं, आणि संसदेचा कायदा झाला २२ सप्टेंबरला, म्हणजे विमान आधी आणि कायदा मागून.

या दोघांच्या आधी मात्र ऑस्ट्रेलियन पदवीधरांची इंडोनेशिया योजना आहे, जिचं नाव फारसं कुणी घेत नाही. हर्ब फीथ हा तरुण १९५१ मध्ये जाकार्ताला माहिती मंत्रालयात भाषांतरकार म्हणून रुजू झाला आणि पाठोपाठ इतर गेले. अट अशी की पगार तिथल्या सहकाऱ्याइतकाच घ्यायचा, राहणीही तशीच ठेवायची आणि वरिष्ठ इंडोनेशियन असणार. रुजू होण्याची आजची कल्पना, म्हणजे सल्लागार म्हणून न जाता हाताखालचा माणूस म्हणून जाणं, ती इथे जितकी स्वच्छ दिसते तितकी व्हीएसओच्या पहिल्या बॅचेसमध्येही दिसत नाही, त्यामुळे अग्रक्रम द्यायचाच तर या योजनेला देणं जास्त योग्य.

प्रशिक्षण आज असतं तसं सुरुवातीला नव्हतं. पीस कोअरच्या पहिल्या बॅचेस अमेरिकेतल्या विद्यापीठांतच तयार झाल्या, घानाची बर्कलीला, कोलंबियाची रटगर्सला, टांगानिकाची (आजच्या टांझानियाचा भाग) टेक्सासमध्ये. व्याख्यानं, अमेरिकन इतिहास, थोडी भाषा. शिवाय पोर्तो रिकोत अरेसिबोजवळच्या कॅम्पमध्ये दोर लावून कडे चढायला लावायचे, शिक्षक म्हणून जाणाऱ्यालासुद्धा. मानसशास्त्रज्ञ बसून निरीक्षण करायचे आणि जो योग्य वाटत नाही त्याला शेवटच्या टप्प्यावरही वगळायचे, त्या काळच्या प्रशिक्षणार्थींच्या आठवणींत कड्यापेक्षा या वगळण्याची भीती जास्त येते. पुढे प्रशिक्षण हळूहळू त्या त्या देशात हललं.

हे हलणं का गरजेचं होतं ते इबादानच्या पोस्टकार्डावरून कळतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियात इबादानच्या विद्यापीठात प्रशिक्षण घेणाऱ्या एका अमेरिकन स्वयंसेविकेने घरच्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं, शहरातली अस्वच्छता, लोक रस्त्यावरच सगळं कसं करतात वगैरे, आणि ते पेटीत पडायच्या आधीच हातातून कुठेतरी पडलं. एका विद्यार्थ्याला सापडलं, त्याच्या प्रती निघाल्या, कॅम्पसवर निषेध सभा झाली, जेवणाच्या हॉलमध्ये अमेरिकनांवर बहिष्कार पडला, आणि तिला परत जावं लागलं. नंतर बोलणी होऊन दोन्हीकडचे पुन्हा एकत्र जेवायला लागले. लिहिलेलं खोटं होतं असं नाही, पण पाहुण्याने पहिल्याच महिन्यात घराची घाण मोजावी हे यजमानाला झोंबणारच. तेव्हापासून आजतागायत ओरिएंटेशनमध्ये "काय लिहायचं, कुठे लिहायचं" हा तास असतोच, कार्डाची जागा फक्त फोनने घेतली.

सध्याची पद्धत थोडक्यात अशी. पीस कोअरमध्ये साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि मग दोन वर्षं सेवा, एकूण २७ महिने. प्रशिक्षणात होस्ट फॅमिलीकडे राहायचं, सकाळी चार-पाच जणांचा भाषेचा वर्ग, दुपारी कामाचा सराव, आणि संध्याकाळी त्याच वाक्यांवर घरातलं लहान पोर हसतं आणि दुरुस्त करतं, खरी भाषा बहुतेकांना तिथेच येते. शेवटी शपथविधी, शपथ अमेरिकन संविधानाची असते, यजमान देशाची नाही, ही बाब बाहेरच्यांना विचित्र वाटते पण कायद्यातूनच आलेली आहे. मग साइटवर रवानगी आणि काउंटरपार्ट, म्हणजे सोबत काम करणारा स्थानिक माणूस. पहिले काही महिने मोठं काम काढू नका, घरोघर जा, ऐका, असं सांगितलं जातं आणि उत्साही माणसाला नेमकं हेच जड जातं. जपानची योजना १९६५ ची, पहिली तुकडी डिसेंबरात लाओसला गेली. तिथे प्रशिक्षण आजही मुख्यतः मायदेशातच, कोमागाने आणि निहोनमात्सु इथल्या केंद्रांत, सत्तरएक दिवसांचं. युरोपियन योजनेत (१९९६ पासून, नाव आता सॉलिडॅरिटी कोअर) पोचल्यावरचं शिबिर आणि एक मेंटॉर असतो. व्हिसाचं प्रकरण देशोदेशी वेगळं, पण टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही असे देश बरेच आहेत आणि नवखे इथेच फसतात.

टीकेत सगळ्यात धारदार आवाज इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरू आणि विचारवंताचा. २० एप्रिल १९६८ ला मेक्सिकोत कुएर्नाव्हाका इथे उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन तरुणांसमोर ते म्हणाले की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. हेच इलिच त्याच गावात १९६१ पासून बाहेरून येणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवायचं केंद्र चालवत होते, म्हणजे दारात उभं राहून आलेल्यांना परत फिरवण्याचं काम त्यांनी बऱ्यापैकी जाणून केलं. अलीकडची टीका अनाथाश्रमांतल्या अल्पमुदतीच्या स्वयंसेवेवर आहे, कारण पाहुण्यांच्या पैशासाठी आईवडील असलेली मुलंही तिथे आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये मुलं अशी आणून ठेवण्याला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानलं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने जगभरातले सुमारे ७,००० स्वयंसेवक एकदम परत बोलावले, असं आधी कधी झालं नव्हतं, आणि पुन्हा रुजू होणं सुरू झालं ते मार्च २०२२ मध्ये झांबिया आणि डोमिनिकन रिपब्लिकपासून. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना (आमसभेचा ठराव १९७०, मुख्यालय १९९६ पासून बॉन) या सगळ्यात वेगळी पडते, कारण तिच्यातले बहुसंख्य स्वयंसेवक विकसनशील देशांतलेच असतात आणि अनेक जण तर आपल्याच देशात काम करतात.