पाणथळीकाठी निसर्ग शिक्षण केंद्र बांधताय? जागा एकदा भर पावसाळ्यात बघा

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत शाळा, ग्रामपंचायती आणि कृषी पर्यटन करणारे शेतकरी इमारतीचा आराखडा करून घ्यायला आमच्याकडे मोजणीचा नकाशा घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "पाण्याला अगदी लागून बांधता येईल ना? मुलांना पक्षी जवळून दिसायला हवेत." दुसरा: "आराखड्याला सहा महिने कशाला?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून हे पत्रक.

मे महिन्यात तुम्ही ज्याला काठ समजून उभे असता, तो बहुतेक वेळा पाणथळीचा तळ असतो. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यच घ्या. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचा जुना बंधारा, मागे साचलेला गाळ आणि वरच्या गंगापूर-दारणा धरणांचे विसर्ग. निफाडला ऊन पडलेलं असतं, पण त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस झाला आणि धरणांतून पाणी सुटलं की इथे काठ सरकतो. उन्हाळ्यात जिथे ट्रॅक्टर फिरतो, गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) होते, तिथेच पावसाळ्यात होडी चालते.

एका संस्थेच्या आग्रहावरून आम्ही उन्हाळी मोजणीवर आराखडा करून दिला होता. ऑगस्टमध्ये जोत्याच्या खुंट्यांवर कमरेएवढं पाणी होतं. मोजणी पुन्हा, आराखडा पुन्हा, अर्ज पुन्हा. त्यांचं वर्ष गेलं. तेव्हापासून पावसाळ्यातली एक फेरी झाल्याशिवाय आम्ही अंतिम नकाशावर सही करत नाही.

कायदाही हेच सांगतो. अधिसूचित पाणथळींसाठीच्या 2017 च्या नियमांनुसार दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम चालत नाही, अपवाद फक्त होडीच्या धक्क्याचा. म्हणजे मोजायचं ते पुराच्या पाण्यापासून. अभयारण्याच्या हद्दीत तर वन्यजीव कायदा लागतो, तिथे आधी वनविभाग आणि मग आम्ही.

मग मुलांना पक्षी दिसणार कसे? इमारत मागे आणि पुढे बांबूचा साधा आडोसा, पावसाळ्याआधी सोडवून ठेवता येईल असा. त्यालाही परवानगी लागतेच. तो शक्यतो पूर्वेकडच्या काठावर, तोंड पश्चिमेला. सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि चक्रवाकाचा नारिंगी रंग खुलून दिसतो. उलट्या बाजूला बसवला तर थापट्या बदक काय नि वारकरी पक्षी काय, सगळे काळे ठिपके. झरोके दोन उंचींवर ठेवा, खालचा साधारण तीन फुटांवर. मोठ्यांच्या उंचीचा एकच झरोका केला की चौथीची मुलं भिंत बघून परत जातात. फार वाईट वाटतं ते बघून.

इमारतीबद्दल थोडक्यात. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, ही जमीन फुगते आणि भेगाळते. भिंतींना इथलाच काळा दगड, वर मंगळुरी कौलं. पत्र्यावर पाऊस कोसळताना शिक्षकांचा आवाज पोचत नाही. पाण्याकडे मोठी काच हवी असा आग्रह असतो, पण तिच्यात आभाळ दिसतं आणि पक्षी धडकतात. हवीच असेल तर बाहेरून दर पाच सेंटिमीटरवर ठिपके काढून देतो. शौचालय रस्त्याच्या बाजूला, बंदिस्त टाकीचं. शोषखड्डा इथे नकोच, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की मैला थेट पाणथळीत जातो. पाण्याकडे दिवे लावत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे वेळेचा हिशेब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात, तेव्हा आम्ही काठावर यंत्र आणत नाही. खोदकाम मार्चच्या मध्यापासून मेअखेर. त्यामुळे तुम्ही मेमध्ये आलात तरी कुदळ पुढच्या मार्चलाच पडणार. मधला पावसाळा पातळी बघायला आणि हिवाळा परवानग्यांना वापरला की तुमचा एकही दिवस वाया जात नाही.

येण्याआधी एवढं करा. पाणी सर्वात वर चढेल त्या दिवशी तिथे खुंटी ठोका आणि तारखेसह फोटो काढा. बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते मोजा. मासेमारी करणाऱ्या जुन्या माणसांना मोठ्या पुराची खूण विचारा. पाटबंधारे कार्यालयातून पूररेषेचा नकाशा मिळाला तर उत्तमच.

आमच्या शुल्कात उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही फेऱ्या धरलेल्या आहेत. निफाड, सिन्नर, येवला तालुक्यांत जागेची पहिली पाहणी विनाशुल्क. त्यासाठी श्रावण लागताच कळवा.