रिमोट डेस्कटॉपच्या नोंदी इतक्या विखुरल्या कशा?

रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून जोडून, विंडोज सर्व्हरवर कोण आलं, कधी आणि कुठून, एवढंच शोधायचं असतं. त्यासाठी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला की तीन-चार वेगवेगळे लॉग (नोंदवह्या) चाळावे लागतात आणि त्यांचं आपसात जुळेलच असं नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही. विंडोजमध्ये नोंदवही आधी आली, दुरून जोडायची सोय नंतर, आणि दोघांची सांगड ठिगळं लावत लावत घातली गेली.

इव्हेंट लॉग १९९३ सालच्या विंडोज एनटी ३.१पासून आहे: सिस्टम, सिक्युरिटी आणि अ‍ॅप्लिकेशन. तेव्हा लॉगऑन करणारा एकतर मशीनसमोर बसलेला असे, नाहीतर नेटवर्कवरून फाइल किंवा प्रिंटर मागणारा. एकाच मशीनवर अनेकांनी आपापला डेस्कटॉप उघडायची सोय सिट्रिक्स कंपनीने १९९५मध्ये, एनटी ३.५१वर बेतलेल्या विनफ्रेममधून आणली. मायक्रोसॉफ्टने १९९७मध्ये ते तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं आणि १९९८मध्ये एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) ही दोन मशीनमधल्या जोडणीची पद्धत आली ती तिच्यासोबत.

विंडोज २०००मध्ये टर्मिनल सर्व्हिसेस सर्व्हरचाच भाग झाली. नोंदींची बाजू मात्र लंगडीच राहिली. मुळात ऑडिटिंग, म्हणजे लॉगऑनसारख्या घटना नोंदवणं, बंद असे. चालू केलं तरी टर्मिनलवरून आलेल्याचं लॉगऑन ‘प्रकार २’ म्हणून, म्हणजे समोर बसून केल्यासारखंच नोंदलं जाई. दुरून आलेल्यासाठी वेगळा ‘प्रकार १०’ मिळाला तो विंडोज एक्सपीपासून. प्रत्येक घटनेला क्रमांक असे: यशस्वी लॉगऑन ५२८, चुकीचा पासवर्ड ५२९, तुटलेलं सेशन (उघडलेला डेस्कटॉप) पुन्हा जोडलं तर ६८२, लॉगऑफ न करता नुसतं तोडलं तर ६८३. हे आकडे जुन्या अ‍ॅडमिनना आजही पाठ असतात.

मग विंडोज व्हिस्टा आली आणि लॉगची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेली. लॉगच्या फाइलचा प्रकार इव्हीटीचा इव्हीटीएक्स झाला, नोंदी एक्सएमएल या रचनेत गेल्या, आणि सिक्युरिटी लॉगमधल्या बहुतेक जुन्या क्रमांकांत सरळ ४०९६ मिळवले गेले. ५२८चा ४६२४ झाला, ६८२चा ४७७८, ६८३चा ४७७९. फसलेल्या लॉगऑनचे पूर्वीचे वेगवेगळे क्रमांक ४६२५मध्ये एकवटले. ही बेरीज माहीत असली की जुन्या टिपणांचा अजूनही उपयोग होतो. लॉग पुसल्याची नोंद मात्र या हिशेबात बसत नाही: ५१७ची ११०२ झाली.

खरी पांगापांग इथूनच सुरू झाली. विंडोजच्या प्रत्येक घटकाला स्वतःचा लॉग ठेवायची मुभा मिळाली आणि टर्मिनल सर्व्हिसेसनेही ती घेतली. लोकल सेशन मॅनेजरच्या लॉगमध्ये २१ म्हणजे सेशन सुरू, २३ लॉगऑफ, २४ तुटलं, २५ पुन्हा जोडलं, बहुतेकदा आयपीसकट (जोडणाऱ्या मशीनच्या नेटवर्क पत्त्यासकट). रिमोट कनेक्शन मॅनेजरच्या लॉगमध्ये ११४९. हा क्रमांक सर्वांत फसवा. त्यातला मजकूर सांगतो की वापरकर्त्याची ओळख पटली. पण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (आधीच पासवर्ड तपासण्याची सोय) बंद असेल तर लॉगऑनचा पडदा नुसता समोर आला तरी ही नोंद पडू शकते. ११४९ दिसला म्हणून कुणी आत शिरलं असा निष्कर्ष काढणं धोक्याचं; जोडीला २१ किंवा ४६२४ हवाच. पुढे २००९मध्ये सेवेचं नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झालं, पण हे लॉग अजून टर्मिनल सर्व्हिसेस याच नावाखाली सापडतात.

नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनही व्हिस्टाच्याच काळातलं. डेस्कटॉप दिसण्याआधीच पासवर्ड तपासला जातो, त्यामुळे सर्व्हरवरचा ताण आणि धोका दोन्ही कमी होतात. नोंदींवर मात्र त्याचा वेगळाच परिणाम झाला. चुकलेला पासवर्ड आता ४६२५मध्ये ‘प्रकार ३’ म्हणून, साध्या नेटवर्क लॉगऑनसारखा दिसतो. फक्त ‘प्रकार १०’वर नजर ठेवणाऱ्याला रात्रभर चाललेली पासवर्डची खटपट दिसतच नाही. तुटलेल्या सेशनवर परतलेला माणूसही ४६२४मध्ये ‘प्रकार ७’ म्हणून, पडद्याचं कुलूप उघडल्यासारखा येतो. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२पासून आणखी एका लॉगची भर पडली. त्यातली १३१ क्रमांकाची नोंद पासवर्डच्याही आधी, जोडणी आल्याआल्या आयपी आणि पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) टिपते.

या नोंदींना महत्त्व आलं ते हल्ल्यांमुळे. २०११मध्ये मोर्टो हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) सोपे पासवर्ड लावून बघत आरडीपीवरून पसरला. नंतर सॅमसॅम आणि धर्मासारख्या, फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडा ठेवलेला आरडीपीचा ३३८९ पोर्ट हाच दरवाजा वापरला. मे २०१९मध्ये ब्लूकीप ही रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी बुजवली गेली. तिच्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज ११मध्ये २०२२पासून नव्या मशीनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ बंद करण्याचं धोरण मुळातच चालू मिळू लागलं. इतक्या वर्षांनी का होईना.

राहिली अडचण जागेची. सिक्युरिटी लॉग भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि पासवर्डचा मारा चालू असलेल्या सर्व्हरवर खरं लॉगऑन बघता बघता वाहून जातं. सेशन मॅनेजरचा लॉग मुळात जेमतेम १ एमबीचा. पण त्यात फसलेले प्रयत्न साठत नाहीत, म्हणून तो कित्येकदा महिनोन्‌महिने मागचं दाखवतो. घुसखोर सिक्युरिटी लॉग पुसतो आणि याला हात लावायचा विसरतो, असंही घडतं. तोही पुसलाच, तर सिस्टम लॉगमध्ये १०४ क्रमांकाची नोंद पडते.