झाडाच्या बुडाशी मडकं पुरायचं तर

उन्हाळा लागला की राकसकोप जलाशयाची पातळी किती उतरली याच्या बातम्या बेळगावात येऊ लागतात. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर 'घरगुती ठिबक' फिरू लागतं: प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडा आणि झाडाशेजारी रोवा. बाटली बघता बघता रिकामी होते, पाणी मुळांच्या खाली निघून जातं आणि दुसऱ्या दुपारी मिरची पुन्हा मान टाकते. तिथेच मातीचं साधं मडकं पुरलं तर माती मागेल तसं पाणी मिळतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही ही रीत आहे. दोन्हींत फरक आहे तो भोकाच्या आकाराचा.

केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं, शाळेत शिकून झालेलं असतं. पाण्यापुरता त्याचा हिशेब सोपा आहे. १५ला नळीच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की पाणी किती मिलिमीटर चढेल ते मिळतं. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते भोक धरून ठेवू शकतं. बाटलीचं भोक एक मिलिमीटर रुंद असेल तर त्रिज्या अर्धा मिलिमीटर, म्हणजे फार तर ३० मिलिमीटर. त्याच्यावर चढलेलं पाणी वाहणारच, माती कोरडी असो की चिखल. वैशाखात तुळशीवर बांधलेली गळती अशीच, पावसातही ठिबकत राहील.

मडक्याच्या भिंतीतल्या छिद्रांची त्रिज्या साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग धरू. मग १५ भागिले ०.००१, म्हणजे १५ मीटर! आतलं वीसेक सेंटिमीटर पाणी या छिद्रांपुढे काहीच नाही. भिंत पाण्याने गच्च भरलेली राहते, तिच्यातून हवा आत शिरत नाही, आणि मडक्यातलं पाणी व मातीतला ओलावा यांची एक सलग साखळी तयार होते.

या साखळीचं दुसरं टोक माती ओढते. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजेही बारीक नळ्याच. जादा पाणी निथळून गेलेली ओली माती एक ते तीन मीटर स्तंभाएवढ्या जोराने ओढते, आणि झाड कायमचं कोमेजतं तेव्हा ही ओढ १५० मीटरच्या आसपास गेलेली असते. आतल्या पाण्याचा स्वतःचा रेटा वीस सेंटिमीटरचाच, त्यामुळे पाणी किती द्यायचं ते मातीच ठरवते. ओढ एक मीटरवरून पाच मीटरवर गेली की मडक्यावरचा ताण चौपटीहून जास्त वाढतो. पाऊस पडून माती भिजली की झिरपणं जवळजवळ थांबतं. ज्या बाजूला मूळ पाणी पितं, त्या बाजूची माती सुकते आणि भिंतीतून तिकडेच जास्त पाणी जातं. शेतातला ओलावा मोजणाऱ्या टेन्शियोमीटरच्या टोकालाही असाच सच्छिद्र मातीचा कप असतो.

यात एक मेख आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाला तिच्यातून जाणारं पाणी सोळा पटींनी घटतं. माती सुकताना मोठ्या फटी आधी रिकाम्या होतात आणि उरतात त्या बारीक. म्हणजे ठणठणीत कोरडी माती ओढते जोरात, पण तिच्यातून पाणी सरकत नाही. कोरड्या खड्ड्यात मडकं पुरून, ते भरून गावाला गेलात तर भरल्या मडक्याशेजारी वांगं वाळलेलं सापडेल.

म्हणून खड्डा आधी भिजवायचा. तो मडक्याच्या तिप्पट रुंद हवा. खानापूर-बेळगावकडच्या लाल जमिनीत मुरूम निघतो, तो वेचून टाका आणि उरलेल्या मातीत एक तृतीयांश कंपोस्ट मिसळा. पाच-सहा लिटरचं, अरुंद तोंडाचं, बिनरंगाचं मडकं घ्या. कुंभारकामासाठी खानापूर नावाजलेलंच आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम संस्थाही तिथे आहे. मडकं भरून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी ते सगळीकडून ओलसर दिसलं पाहिजे. एकाच जागी धार लागली तर तडा आहे, आणि कोरडंच राहिलं तर त्याला पॉलिश जास्त आहे.

गळा दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवून पुरा आणि भोवती चिखलासारखी माती दाबून बसवा. मध्ये हवेची पोकळी राहिली की साखळी तुटते. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात हेच जास्त बिघडतं, कारण माती भेगाळली की मडक्यापासून सुटते. तिथे उसाच्या पाचटाचा चार बोटं थर हवाच. खोडाजवळ मात्र लावू नका, वाळवी येते. तोंडावर कापड बांधून वर परळ ठेवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल.

वांगी, मिरची, टोमॅटो, दोडका मडक्यापासून वीतभर अंतरावर लावा. मेथी-कोथिंबिरीला याचा उपयोग नाही, बियांना वरचा ओलावा लागतो. रोपांनाही पहिले दोन आठवडे वरून पाणी द्या. आंबा-पेरूची जाड मुळं मडकं फोडतात. अर्धं पाणी उरलं की मडकं भरा, कारण पातळी उतरते तशी झिरपणारी भिंतही कमी होते.

तांदूळ धुतलेलं पाणी बागेला चांगलं, पण मडक्यात नको. त्यातल्या पिठाने आणि त्यावर वाढणाऱ्या जंतूंच्या थराने छिद्रं बुजतात. ते सरळ आळ्यात घाला. मडक्यातलं पाणी 'जिवंत' होतं, चुंबक बांधलं की ते 'ऊर्जित' होतं, हे सगळं विकणाऱ्यांचं बोलणं. पाणी शोषून फुगणारे हायड्रोजेलचे खडे खरोखर पाणी धरतात, पण बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे त्यांची धारणशक्ती बरीच घटते.

हेच कॅल्शियम मडक्याच्या भिंतीतही साचतं. बाहेर पांढरं लोण चढलं आणि मडकं भरायची वेळ लांबत चालली की छिद्रं चोंदली समजा. मिरगाच्या आधी, पिकं निघाल्यावर, मडकं उकरून घासा. एक लिटर पाण्याला दोन चमचे लिंबूसत्व या प्रमाणात रात्रभर भिजवा, मग दोनदा साध्या पाण्याने भरून ओता. पावसाळ्यात ते उपडं घालून ठेवा.